बऱ्हाणपूर : पायी बघायचं शहर

मध्यंतरी आपल्या ग्रुपवर स्टॉकहोमचं एक छान प्रवासवर्णन आलं होतं. तीन दिवस नुसतं पायी फिरून पाहिलेलं शहर, दगडी गल्ल्या, पाण्याकाठचे बाक, आणि ते 'वासा' नावाचं जहाज. १६२८ साली पहिल्याच सफरीला निघालं आणि बंदरातच बुडालं, १९६१ साली वर काढलं, आता जगभरचे लोक तिकीट काढून ते बघायला जातात. वाचून आनंद झाला, पण बँकेतली सवय, डोक्यात वेगळाच हिशोब सुरू झाला. १६२८ म्हणजे शहाजहान गादीवर बसला ते साल. पुढच्या दोनच वर्षांत तो बऱ्हाणपुरात मुक्कामाला आला आणि हिंदुस्थानचा कारभार काही काळ तापीच्या काठावरून चालला. हे बऱ्हाणपूर भुसावळहून रेल्वेने तासाभरावर आहे. आपल्यातले किती जण तिथे उतरलेत? दिल्लीकडे जाताना खिडकीतून डझनभर केळी घेतली, झालं बऱ्हाणपूर!

माझं गाव जसोंडी, याच तालुक्यातलं. लहानपणी आमच्यासाठी 'शहर' म्हणजे बऱ्हाणपूरच. बाजार तिथे, दवाखाना तिथे, कोर्टकचेरी तिथे. त्यामुळे इतिहास म्हणून त्याच्याकडे बघायला मला निवृत्ती यावी लागली. आता वर्षातून दोन-तीनदा तरी मी हे शहर पायी फिरतो, आणि ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी हा लेख. गाडी-रिक्षाने दोन तासांत 'सगळं कव्हर' करणाऱ्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.

आधी नावाचं बघू. स्टेशनवरची पाटी 'बुरहानपुर' सांगते, आपण बऱ्हाणपूर म्हणतो, आणि जुन्या मराठी कागदांतही असंच येतं. नदीला तिथले लोक ताप्ती म्हणतात, आपण तापी. फारुकी घराण्याच्या नसीरखानाने १४०० च्या सुमारास हे शहर वसवलं आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. पलीकडच्या काठावरचं जैनाबाद हे झैनुद्दीन शिराझींच्या नावावरून. आता गंमत अशी की हे दोघेही संत आपल्या खुलताबादला चिरनिद्रा घेताहेत. म्हणजे शहर मध्य प्रदेशात आणि त्याचे दोन्ही 'नावकरी' मराठवाड्यात. सरहद्द ही अशी वस्तू आहे.

पायी फिरायची सुरुवात मी नेहमी स्टेशनकडूनच करतो. स्टेशन लालबागेत आहे, शहरापासून तीनेक किलोमीटर लांब. लोक उतरतात आणि रिक्षात बसून शहराकडे पळतात, आणि सगळ्यात मोठी नवलाई मागे टाकतात. ती म्हणजे कुंडी भंडारा. याला 'खूनी भंडारा'ही म्हणतात. कोणी म्हणतं पाण्याला लालसर छटा दिसायची म्हणून, कोणी म्हणतं कुंडीचंच खूनी झालं. वरून बघितलं तर काहीच नाही, उघड्या रानात एका ओळीत विहिरींची तोंडं. शंभराहून जास्त कुंड्या आहेत या, आणि जमिनीखाली त्या सगळ्या एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. सातपुड्यात मुरलेलं पाणी तापीकडे झिरपत येतं, ते वाटेतच अडवायचं, बोगद्याला अगदी बेताचा उतार द्यायचा आणि शहरापर्यंत आणायचं. मोट नाही, पंप नाही, वीज नाही. इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना इथला कारभार बघत असताना हे काम झालं आणि तबकतुल अर्झ नावाच्या इराणी जाणकाराने ते आखलं, असं सांगतात. हा खानखाना म्हणजे आपण शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तो रहीम. दोह्यांत पाण्याविषयी सांगणाऱ्या माणसाने जमिनीखालून पाणी आणूनही दाखवलं, हे मला फार आवडतं.

एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. सुरू असेल तर जरूर खाली उतरा. सत्तर-ऐंशी फूट खाली गेल्यावर एकदम गारवा लागतो, पायाखाली स्वच्छ पाणी वाहत असतं आणि भिंतींवर चुन्याचे थर चढलेले दिसतात. डोळे सरावले की वरच्या कुंड्यांतून पडणारे उजेडाचे गोल कवडसे दिसतात, एकामागे एक, लांबपर्यंत. चारशे वर्षांनंतरही हे पाणी वाहतंय. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत याचं नाव गेलं. आनंद आहे. पण हे पाणी डोंगर आणि नदी यांच्यामधल्या जमिनीतून येतं आणि त्याच पट्ट्यात आपली केळी आहे. केळीला किती पाणी लागतं हे मी शेतकऱ्याच्या घरातला, मला कोणी सांगायला नको. बोअर जितके खोल जातील तितकं या भुयाराचं पाणी कमी होणार, याला काही इंजिनिअर लागत नाही. नोकरीत असताना बोअरवेल आणि ठिबकसाठी कर्जाची कितीतरी प्रकरणं हाताखालून गेली. शेतकऱ्याला दोष देत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. फक्त त्या प्रकरणांच्या फॉर्मवर 'जवळपास कुंडी भंडारा आहे काय' असा रकाना कधीच नव्हता.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे थोडं थांबावं. याच सुमारास तिकडे दख्खनेत, ज्याला आपण पुढे औरंगाबाद म्हणायला लागलो आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणतो, त्या खडकी गावी मलिक अंबर तसाच भुयारी कालवा बांधत होता, नहर-ए-अंबरी. रहीम आणि अंबर हे एकमेकांचे वैरी. १६२० साली तर अंबराच्या फौजांनी बऱ्हाणपूरला वेढा घातला आणि म्हातारा खानखाना आत अडकून पडला. रणांगणावर उभा दावा, आणि पाण्याची अक्कल दोघांची एकच.

लालबागेतून शहराकडे चालत आलात की शनवारा दरवाजा लागतो. बऱ्हाणपूरच्या पेठा पुण्यासारख्याच वारांच्या. शनवारा, इतवारा, बुधवारा. पुण्याच्या लोकांनी नाक वर करू नये, इथली वस्ती जुनी आहे. शहराभोवतीचा तट मात्र त्या मानाने अलीकडचा, पहिल्या निजामाने, म्हणजे आसफजाहने, साधारण १७३० च्या आसपास बांधून घेतलेला. कोणाच्या भीतीने, हे मराठी माणसाला सांगायला नको. पहिल्या बाजीरावाचे ते दिवस. हाच निजाम पुढे १७४८ साली बऱ्हाणपुरातच वारला.

दरवाज्यातून आत शिरलात की घाई सोडा. गल्ल्या अरुंद, मधूनच लाकडी खांबांचं, कोरीव तुळयांचं एखादं जुनं घर दिसतं, आणि मोमीन वस्तीत शिरलात की पॉवरलूमचा खडखडाट सुरू होतो. तो आवाज मला इमारतींपेक्षा जास्त ऐतिहासिक वाटतो. कारण हे शहर राजांनी बांधलं असलं तरी जगवलं विणकरांनी. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून एकाहून अधिक वेळा गेला. त्याला घरं फारशी आवडली नाहीत, गवताने शाकारलेली आणि बरीचशी पडझड झालेली दिसली. पण इथलं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, पोलंड आणि मॉस्कोपर्यंत जातं हे त्याने नोंदवून ठेवलं. काही कापडांत सोन्या-चांदीची तार विणलेली असे. ही तारकशी आणि कलाबतूचा धंदा बऱ्हाणपुरात अगदी विसाव्या शतकापर्यंत चालू होता. पोलंडच्या कोणा बाईच्या डोक्यावरची ओढणी तापीकाठी विणलेली असेल, हे स्टॉकहोमवाल्यांनी ध्यानात घ्यावं. ते गाव तिथून समुद्र ओलांडला की आलंच.

माल इतका लांब जायचा तर पैसाही तसाच फिरायचा. सुरत ते आग्रा या मोठ्या रस्त्यावरचं बऱ्हाणपूर हे मधलं नाणावलेलं ठिकाण. इंग्रज कंपनीची वखार इथे होती आणि तिचे गुमास्ते सुरत-आग्र्याच्या हुंड्या इथल्या सराफांकडे वटवत. थैल्या भरून रुपये जंगलातून नेण्यापेक्षा एक कागद नेणं बरं, हे आमच्या धंद्याचं मूळ सूत्र या गल्ल्यांत चारशे वर्षांपूर्वी रोजच्या वापरात होतं. आम्ही डिमांड ड्राफ्ट काढून फार मोठं काही करतोय असं समजत होतो!

गल्ल्यांतून गांधी चौकात आलात की जामा मशीद समोर येते. दोन उंच मिनार, पंधरा कमानींची दर्शनी भिंत, आणि वर घुमट नाही, सपाट छत. काळ्या दगडाचं काम आहे. राजा अलीखान या फारुकी सुलतानाने ती बांधली. जोडे काढून आत जा, तिथले लोक अडवत नाहीत, फक्त नमाजाच्या वेळा टाळा. बघायची वस्तू आत आहे. भिंतीवर अरबी लेख आहे, तो असणारच. पण त्याच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे. देवनागरी अक्षरं, निर्गुण परमेश्वराला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ आणि शेवटी आपल्या पंचांगाप्रमाणे तिथी. संवत १६४६, शके १५११, म्हणजे जवळपास १५९०. याला कोणी काय नाव द्यायचं ते देवो. मला त्यात एक साधा व्यवहार दिसतो. ज्यांच्या राज्यात राहायचं, ज्यांच्याकडून कर घ्यायचा, त्यांना कळेल अशा भाषेत नोंद करून ठेवली. जवळच अकबराचाही लेख आहे, १६०१ चा. त्या साली अशीरगड पडला, फारुकी संपले आणि खानदेश मोगलांकडे गेला. अकबराने आपल्या मुलाच्या, दानियालच्या, नावावरून खानदेशाला 'दानदेश' म्हणायला सुरुवात केली होती. चाललं नाही ते. दानियाल दारूपायी १६०५ साली इथेच मेला आणि खानदेश खानदेशच राहिला.

शहजाद्यांना हे शहर तसं मानवलं नाही. खुसरो १६२२ साली इथे कैदेत असताना गेला, परवेझ १६२६ साली गेला. परवेझवरून आठवलं. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात जहांगीरकडे जाताना इथे थांबला होता. त्याच्या डोळ्यांना सुभेदाराचा वाडा आणि आणखी दोन-चार घरं सोडली तर बाकी सगळी मातीची खोपटीच दिसली. परवेझने दरबारात त्याचं स्वागत केलं, मग आत बोलावतो म्हणाला. रोने भेट म्हणून दारूच्या बाटल्यांची पेटी पाठवली होती. ती शहजाद्याला इतकी पसंत पडली की ठरलेली दुसरी भेट त्या दिवशी झालीच नाही. हे रोने स्वतः आपल्या रोजनिशीत लिहिलंय. म्हणजे ज्या साली लालबागेत कुंड्या खणल्या जात होत्या त्याच साली किल्ल्यात हे चाललं होतं.

आता भूक लागली असेल. मावा जिलेबी खा, ती काळपट आणि जड असते, एकच घ्या. आणि दराबा घ्या, रवा, साखर आणि तूप घोटून घोटून केलेला. डॉक्टरने साखर बंद केली असेल तर नुसतं बघून पुढे चला, मी तसंच करतो (बहुतेक वेळा).

चौकातून नदीकडे चालत गेलं की शाही किल्ला. तापीच्या काठावर उंच उभा आहे, राजघाटावरून वर बघितलं की त्याची उंची कळते. आत बरंचसं पडलेलं आहे. पण हमामखाना शाबूत आहे आणि छताच्या कमानींवरचं रंगकाम अजून दिसतं, फुलं, वेली, जाळीची नक्षी. शहाजहानच्या बेगमेसाठी तो बांधला असं सांगतात. गाईड तुम्हाला एका चित्राकडे बोट करून म्हणेल, 'हाच ताजमहालचा पहिला नकाशा.' हसून सोडून द्या. ताज इथेच होणार होता, पण मातीला वाळवी होती म्हणून आग्र्याला गेला, हीही कथा ऐकायला मिळेल. कथाच ती.

खरी गोष्ट त्याहून जड आहे. शहाजहान मार्च १६३० मध्ये बऱ्हाणपुरात आला. त्याच्या दहा-बारा दिवस आधी, १९ फेब्रुवारीला, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला होता. त्या वर्षी पाऊस पडला नाही. गुजरात आणि दख्खनेत जो दुष्काळ पडला तो १६३२ पर्यंत हटला नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या शेवटी सुरतेहून आग्र्याला या वाटेने गेला, नंदुरबारवरून. रस्त्यावर प्रेतं, गावंच्या गावं ओस, धान्यासाठी मारामारी, असं सगळं त्याने लिहून ठेवलंय. बादशाही इतिहासातही हे दडवलेलं नाही. बऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबाद इथे लंगर उघडल्याची नोंद आहे, आणि एक आकडा आहे. बादशहा सोमवारी तख्तावर बसला होता, म्हणून बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटायचे. वीस सोमवार, म्हणजे एक लाख. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन्सिलने बाजूला बेरीज करून पाहिली. बेरीज बरोबर आहे. पण त्याच काळात त्याच शहरातून दख्खनच्या स्वारीचा खर्च चालू होता, आणि तो लाखांत मोजत नव्हते.

याच मुक्कामात १७ जून १६३१ ला मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. मुलगी वाचली, गौहरआरा. बेगमेचं प्रेत नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत सहा महिने ठेवलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. पुढचं सगळं जग जाणतं.

आणि याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगा गेला, असं वारकरी परंपरा सांगते. शाळेत ही दोन दुःखं आम्हाला वेगळ्या वेगळ्या पुस्तकांत शिकवली. एक इतिहासात, एक मराठीत. ती एकाच काळातली आहेत हे कोणी सांगितलं नाही. किल्ल्याच्या तटावर उभं राहून पलीकडे जैनाबादचे शेतमळे दिसतात तेव्हा मला दर वेळी हे आठवतं. बाकी जी हजारो माणसं या काठावर मेली त्यांची नावं कुठेच नाहीत.

राजघाटावर थोडा वेळ बसा. पात्रात हत्तीच्या आकाराचा दगड आहे, पाणी कमी असलं की चांगला दिसतो. गुरु नानकांच्या आठवणीचा गुरुद्वारा घाटावर आहे. शहरातल्या बडी संगतमध्ये गुरु गोविंदसिंगांची स्मृती आहे, १७०८ साली नांदेडला जाताना ते इथे थांबले होते. बोहरी लोकांची दरगाह-ए-हकीमी थोडी लांब आहे, पण ती इतकी स्वच्छ आणि टापटीप आहे की बाकीची स्मारकं बघून आल्यावर डोळ्यांना बरं वाटतं.

पुलावरून जैनाबादला जायचं तर चालायची तयारी ठेवा. आहूखाना म्हणजे हरणांची बाग. बारादरी आणि महालाचे अवशेष उरलेत. याच बागेत तरुण औरंगजेबाने हिराबाईला पाहिलं, ती आंबा तोडायला उडी मारत होती आणि हे महाशय जागेवर खाली बसले, अशी कथा फारसी ग्रंथात आहे. पुढे ज्याने गाणंबजावणं दरबारातून घालवलं त्याचीच ही गोष्ट. हिराबाई लवकर वारली.

आता माझ्या मनातला अवघड भाग. शहराच्या जवळ बहादरपूर आहे. जुनं बहादुरपुरा. जानेवारी १६८१ च्या अखेरीस मराठ्यांची फौज इथे येऊन धडकली. संभाजीराजांचा रायगडावर राज्याभिषेक होऊन पुरते पंधरा दिवसही झाले असतील-नसतील. हंबीरराव मोहित्यांनी स्वारीची दिशा अशी लपवली की सुभेदार बेसावध राहिला. तटाआत त्यांना शिरता आलं नाही (तेव्हा आजचा तट नव्हता, जुना होता), पण बाहेरचे पुरे, म्हणजे सराफांच्या आणि सावकारांच्या पेठा, सापडल्या. बहादुरपुरा आणि आजूबाजूचे सतरा पुरे. तीन दिवस लूट चालली. खाफीखानाने लिहिलंय की अब्रू जाऊ नये म्हणून काहींनी घरातल्या बायकांना आपल्या हातांनी मारलं. मग शहरातल्या मुल्ला-मौलवींनी आणि प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला कळवलं की असं चालणार असेल तर आम्ही जुम्म्याची नमाज बंद करतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला आणि दख्खनेतून पुन्हा उत्तरेत जिवंत परत गेला नाही. त्याच्या येण्याला दुसरंही कारण होतं, शहजादा अकबर संभाजीराजांकडे पळाला होता. पण या लुटीचाही त्यात वाटा होताच.

महाराष्ट्रातले नातेवाईक मला विचारतात, 'काय हो, तुमचं बऱ्हाणपूर आपण कसं लुटलं!' हे 'तुमचं' आणि 'आपण' एकाच वाक्यात आलं की मी गडबडतो. मी मराठी आहे, शिवजयंतीला माझ्याही घरी फोटोला हार असतो. पण पुरे जळाले ते माझ्या गावच्या बाजारपेठेचे. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीत बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, तरी कागद दोन्हीकडचे वाचावेत. मोगलांच्या बाजूचाही एक कागद आहे. १६७९ साली जिझिया पुन्हा बसला. बऱ्हाणपुरात आधी तो वर्षाला २६,००० रुपये यायचा. मीर अब्दुल करीम नावाचा अंमलदार आला आणि त्याने अर्ध्याच शहरातून तीन महिन्यांत त्याच्या चौपटीहून जास्त वसूल केला. ही लुटीनंतरच्या वर्षीची गोष्ट. वसुलीची टार्गेटं मीही पाहिली आहेत. तीन महिन्यांत चौपट वसुली कशी होते आणि कोणाच्या घरातून होते, ते मला सांगायला नको. म्हणजे त्या दोन वर्षांत इथल्या दुकानदाराने एकदा स्वारीला दिलं आणि एकदा सरकारला दिलं.

२०२५ साली 'छावा' सिनेमा आला, त्यात सुरुवातीलाच बऱ्हाणपूरची स्वारी आहे. सिनेमा बघून काय झालं तर अशीरगडाजवळच्या शेतांत रात्री मोबाईलचे दिवे लावून माणसं सोनं खणायला लागली! पेपरांतही आलं होतं. पोरांनो, सोनं असेल तर ते सराफांच्या हुंड्यांत होतं, आणि हुंड्या जमिनीत पुरत नाहीत.

मराठ्यांचं बऱ्हाणपूर फक्त लुटीचं नाही, हेही सांगायला हवं. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने अशीरगड आणि बऱ्हाणपूर पेशव्यांना दिलं. सदाशिवरावभाऊ त्यानंतर याच वाटेने पानिपताकडे गेले. १७७८ साली शहर शिंद्यांकडे आलं. १८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी घेतलं, डिसेंबरात सुर्जी अंजनगावच्या तहाने परत दिलं, आणि १८६०-६१ मध्ये कायमचं घेतलं. शंभर वर्षं म्हणजे चार पिढ्या इथे मराठी अंमल होता. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली इथे वारले, त्यांची छत्री शहराबाहेर नदीकाठी आहे, बत्तीस खांबांची, शांत. तिथे फारसं कोणी जात नाही. मराठी माणसाने तरी जावं.

इंग्रजांच्या काळात शहर आक्रसलं. १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती ३३,३४१. रेल्वे आली तरी जुना रस्ता मेल्यावर शहराचं जुनं महत्त्व आलं नाही. ताप्ती मिल आली, शेजारी नेपानगरला कागद कारखाना आला, वर्तमानपत्राचा कागद तिथे व्हायचा. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. वडील सांगायचे, आधी सरकारी कागद मराठीत लिहून दिला तर तो समजून घेणारा कारकून कचेरीत सापडायचा, पुढे सापडेना. २००३ साली खंडव्यातून वेगळा होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला. आता आमच्या घरात नातवंडं मराठी बोलतात, समजतात, पण लिहिताना हिंदीत लिहितात. हिंदीवर माझा राग नाही, तिनेच मला नोकरी दिली.

मात्र एका गोष्टीची घाई आहे. शिंदेशाहीतल्या चार पिढ्यांचे कागद मोडीत आहेत. शेतसाऱ्याच्या पावत्या, खरेदीखतं, कर्जरोखे, सावकारी वह्या. आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत एक लाल रुमाल आहे, आत तीसेक कागद. वाचणारे शेवटचे आमचे काका, ते गेले. मी एक कागद जाणकाराकडून वाचून घेतला. राजकारण नाही, लढाई नाही. कापसाच्या व्यवहारातली बाकी, व्याजाचा दर, दोन साक्षीदार, आणि हप्ता चुकल्यास काय याची अट. शब्द जुने आहेत, पण माझ्या कॅश क्रेडिटच्या कराराहून तो फार वेगळा नाही. शहरात जुनी घरं पाडून नवी उभी राहताहेत, माळे रिकामे होताहेत, आणि असे रुमाल किलोच्या भावाने रद्दीत जाताना मी स्वतः पाहिलेत.

तेव्हा या ग्रुपवर ज्यांचं मूळ बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर किंवा नेपानगरच्या बाजूचं आहे त्यांनी माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडून बघाव्यात. कागद उलगडताना घडीवर जोर देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात मोबाईलने फोटो काढा, मागच्या बाजूचाही, कारण शेरे मागेच असतात. मग ते इथे टाका. मोडी वाचणारे दोघे-तिघे आपल्या ग्रुपवर आहेत. आणि बघायला यायचं असेल तर दिवाळी ते होळी या दिवसांत या. सकाळच्या गाडीने लालबागेत उतरा, चांगले बूट घाला, बॅटरी बरोबर ठेवा, कुंडीत अंधार असतो.